डिजिटल प्रमाणपत्र विनंती

डिजिटल प्रमाणपत्र विनंती म्हणजे एखाद्या संगणकाने किंवा उपकरणाने आपली ओळख आणि आपली सार्वजनिक किल्ली ठरावीक नमुन्यात मांडून प्रमाणन प्राधिकरणाकडे प्रमाणपत्रासाठी केलेला, स्वतःच्याच खासगी किल्लीने स्वाक्षरी केलेला अर्ज होय. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या विनंतीला सीएसआर असे म्हणतात. संकेतस्थळांचे सर्व्हर, ईमेल सर्व्हर, राउटर आणि फायरवॉल अशा सर्वच यंत्रणांना अशी विनंती करावी लागते. प्रस्तुत लेखात मुख्यतः फायरवॉल व तत्सम जालसुरक्षा उपकरणांवरील विनंत्यांच्या व्यवस्थापनाची माहिती दिली आहे.

या पद्धतीचे मूळ तत्त्व असे, की खासगी किल्ली उपकरणातच तयार होते आणि उपकरणातच राहते. बाहेर जाते ती केवळ विनंती आणि बाहेरून परत येते ते केवळ प्रमाणपत्र. या दोहोंत गुप्त ठेवण्यासारखे फारसे काही नसते. त्यामुळे विनंती साध्या ईमेलनेही पाठवता येते. मात्र किल्ली हरवली तर मिळालेले प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते आणि किल्ली उघड झाली तर तेच प्रमाणपत्र धोकादायक ठरते.

पार्श्वभूमी

व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये सार्वजनिक किल्लीच्या कूटशास्त्राची संकल्पना मांडली. १९७७ मध्ये रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेनर्ड एडलमन यांनी आरएसए ही पद्धत विकसित केली. या पद्धतीत किल्ल्यांची जोडी वापरली जाते. खासगी किल्लीने केलेली स्वाक्षरी सार्वजनिक किल्लीने कोणालाही पडताळता येते. सार्वजनिक किल्लीने कूटबद्ध केलेला मजकूर मात्र खासगी किल्लीनेच उलगडतो. तथापि, समोर आलेली सार्वजनिक किल्ली ज्याची म्हणून सांगितली जाते त्याचीच आहे हे कसे ओळखावे, हा प्रश्न उरला होता. लोरेन कोनफेल्डर यांनी १९७८ मध्ये एमआयटीतील आपल्या प्रबंधात त्यावर प्रमाणपत्राचा उपाय सुचवला. विश्वासार्ह तिसऱ्या पक्षाने नाव आणि किल्ली यांची सांगड घालून त्यावर आपली स्वाक्षरी करावी, अशी ही कल्पना होती.

प्रमाणपत्राचा एक्स.५०९ हा आंतरराष्ट्रीय नमुना १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाणपत्र मागण्याचा नमुना आरएसए कंपनीच्या प्रयोगशाळेने पीकेसीएस या मानकमालेत दहाव्या क्रमांकावर तयार केला. तो १९९८ मध्ये आरएफसी २३१४ या दस्तऐवजाद्वारे आणि सुधारित स्वरूपात नोव्हेंबर २००० मध्ये आरएफसी २९८६ द्वारे प्रसिद्ध झाला. आजही बहुतेक उपकरणे याच नमुन्यात विनंती तयार करतात.

रचना

विनंतीचे तीन भाग असतात: मूळ माहिती, स्वाक्षरीसाठी वापरलेल्या पद्धतीचे नाव आणि प्रत्यक्ष स्वाक्षरी. मूळ माहितीत पुढील बाबींचा समावेश होतो.

• आवृत्ती क्रमांक.
• अर्जदाराची ओळख: सामान्य नाव, संस्थेचे नाव, शहर, राज्य आणि देशाचा दोन अक्षरी संकेत. भारतासाठी आयएन हा संकेत वापरला जातो.
• सार्वजनिक किल्ली आणि तिचा प्रकार.
• जादा गुणधर्म: प्रमाणपत्रात समाविष्ट व्हावीत अशी पर्यायी नावे, किल्लीचा उपयोग इत्यादी.

संस्थेतील विभागाचे नाव नोंदवण्याची सोयही नमुन्यात आहे. मात्र प्राधिकरणे आणि ब्राउझर उत्पादक यांचा संयुक्त मंच असलेल्या सीए/ब्राउझर फोरमच्या नियमांनुसार १ सप्टेंबर २०२२ पासून सार्वजनिक टीएलएस प्रमाणपत्रांतून हे क्षेत्र वगळण्यात आले.

पूर्वी उपकरणाचे डोमेन नाव सामान्य नावाच्या क्षेत्रात लिहिले जात असे. आता ब्राउझर केवळ पर्यायी नावांचे क्षेत्र पाहतात. गूगल क्रोमने २०१७ मध्ये ५८व्या आवृत्तीपासून सामान्य नावाकडे पाहणे थांबवले. त्यामुळे पर्यायी नाव न लिहिता केलेल्या विनंतीवरून प्रमाणपत्र मिळाले, तरी ब्राउझर इशारा दाखवू शकतो. जुन्या उपकरणांवर या क्षेत्राची सोय नसल्यास विनंती अन्य साधनाने तयार करावी लागते किंवा प्राधिकरणाकडून ते नाव जोडून घ्यावे लागते. विनंतीत लिहिलेली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी प्रमाणपत्रात उतरवण्याचे बंधन प्राधिकरणावर नसते.

विनंतीवरील स्वाक्षरी हा केवळ उपचार नव्हे. विनंतीतील सार्वजनिक किल्लीला जुळणारी खासगी किल्ली अर्जदाराजवळ आहे, हे त्या स्वाक्षरीने सिद्ध होते. ही अट नसती, तर दुसऱ्याची सार्वजनिक किल्ली उचलून तिच्यावर स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र मागता आले असते. शिवाय वाटेत कोणी विनंतीतील एखादे अक्षर जरी बदलले, तरी स्वाक्षरी जुळत नाही आणि विनंती फेटाळली जाते.

उपकरणाच्या पडद्यावर विनंती अक्षरे, अंक व मोजक्या चिन्हांच्या सलग ओळींच्या रूपात दिसते. तिच्या आरंभी व अखेरीस आडव्या रेघांमध्ये आरंभ व समाप्तीच्या खुणा असतात. नक्कल करताना या खुणांपैकी एखादी रेघ जरी सुटली, तरी प्राधिकरणाची यंत्रणा विनंती वाचू शकत नाही.

फायरवॉलसाठी प्रमाणपत्राचे उपयोग

फायरवॉलवर प्रमाणपत्राचे प्रामुख्याने तीन उपयोग होतात.

पहिला उपयोग व्यवस्थापन पृष्ठासाठी होतो. नवीन फायरवॉलमध्ये साधारणतः स्वतःच स्वाक्षरी केलेले प्रमाणपत्र असते. प्रशासकाने पृष्ठ उघडताच ब्राउझर इशारा देतो. तो इशारा दररोज ओलांडण्याची सवय जडली, तर खरोखरच कोणी मध्ये येऊन बनावट पृष्ठ दाखवले तरी ते लक्षात येत नाही.

दुसरा उपयोग व्हीपीएनसाठी होतो. दोन कार्यालयांमधील फायरवॉल परस्परांची ओळख पटवण्यासाठी सामाईक सांकेतिक शब्दाऐवजी प्रमाणपत्रे वापरू शकतात. घरून काम करणारे कर्मचारी ज्या प्रवेशद्वाराशी जोडले जातात, त्याची ओळखही प्रमाणपत्रानेच पटते.

तिसरा उपयोग कूटबद्ध संदेशवहनाच्या तपासणीसाठी होतो. येथे फायरवॉल वापरकर्ता आणि संकेतस्थळ यांच्यामध्ये उभी राहते, संदेश उलगडते, तपासते आणि पुन्हा कूटबद्ध करून पुढे पाठवते. त्यासाठी तिला प्रत्येक संकेतस्थळाच्या नावाने तात्पुरते प्रमाणपत्र तयार करावे लागते. म्हणजेच तिच्याजवळ सामान्य प्रमाणपत्र असून भागत नाही. इतरांना प्रमाणपत्र देण्याचा अधिकार असलेले उपप्राधिकरणाचे प्रमाणपत्र लागते. असे प्रमाणपत्र संस्थेच्या अंतर्गत प्राधिकरणाकडूनच घ्यायचे असते आणि त्यावरील विश्वास संस्थेच्या स्वतःच्या संगणकांपुरताच मर्यादित ठेवायचा असतो.

कार्यपद्धती

निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांवर पर्यायांची नावे वेगळी असली, तरी टप्पे सारखेच असतात.

१. वेळ तपासणे. प्रमाणपत्राला आरंभ आणि समाप्तीची तारीख असते. उपकरणाचे घड्याळ मागे असल्यास नवे प्रमाणपत्र अद्याप लागू झालेले नाही असे उपकरण समजते. म्हणून वेळ जुळवणाऱ्या सर्व्हरशी उपकरण आधी जोडले जाते.

२. किल्लीजोडी तयार करणे. आरएसए किल्लीची लांबी किमान २०४८ बिट असावी लागते; १०२४ बिटच्या किल्ल्या सार्वजनिक प्रमाणपत्रांसाठी २०१४ पासून ग्राह्य नाहीत. लंबवर्तुळी वक्रांवर आधारित पी-२५६ आणि पी-३८४ या किल्ल्या लांबीने लहान असूनही पुरेशा बळकट असतात.

३. ओळखीची माहिती भरून विनंती तयार करणे. स्वाक्षरीसाठी शा-२५६ किंवा त्याहून बळकट पद्धत निवडली जाते. शा-१ वर आधारित नवी सार्वजनिक प्रमाणपत्रे देणे १ जानेवारी २०१६ पासून बंद झाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांच्या संशोधकांनी शा-१ चे मूल्य सारखेच येणाऱ्या दोन भिन्न फाइली प्रत्यक्ष तयार करून दाखवल्या.

४. विनंती प्राधिकरणाकडे पाठवणे. सार्वजनिक प्राधिकरण त्या डोमेन नावावर अर्जदाराचा ताबा असल्याची खातरजमा करते.

५. प्राधिकरणाचे मूळ आणि मध्यस्थ प्रमाणपत्र उपकरणावर चढवणे. मध्यस्थ प्रमाणपत्र नसल्यास साखळी तुटते आणि काही ब्राउझरना पृष्ठ व्यवस्थित दिसत असताना इतरांना मात्र इशारा दिसतो.

६. मिळालेले प्रमाणपत्र त्याच विनंतीशी जोडणे आणि संबंधित सेवेसाठी नेमणे. प्रमाणपत्र चढवले, पण व्यवस्थापन पृष्ठ किंवा व्हीपीएन जुनेच प्रमाणपत्र वापरत राहिले, असे अनेकदा घडते.

प्रलंबित विनंती

विनंती पाठवल्यापासून प्रमाणपत्र परत येईपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक असतो. या काळात उपकरणावर खासगी किल्ली आणि अपुरी नोंद एवढेच असते. फोर्टिनेटच्या फायरवॉलवर ही नोंद प्रलंबित म्हणून दिसते. पालो आल्टो नेटवर्क्सच्या फायरवॉलवर प्रमाणपत्र चढवताना विनंतीला दिलेलेच नाव अचूक द्यावे लागते. सिस्कोच्या उपकरणांत किल्ली, विनंती व प्रमाणपत्र यांची सांगड ट्रस्टपॉइंट नावाच्या नोंदीद्वारे घातली जाते.

अर्धवट दिसणारी ही नोंद निरुपयोगी समजून कोणी काढून टाकली, विनंती नव्याने तयार केली किंवा उपकरण मूळ स्थितीत आणले, तर जुनी खासगी किल्ली नष्ट होते. त्यानंतर आलेले प्रमाणपत्र निर्दोष असूनही बसत नाही, कारण त्यातील सार्वजनिक किल्लीची जोडीदार कोठेच उरलेली नसते. प्राधिकरणाकडे खासगी किल्ली कधीच गेलेली नसल्यामुळे तेही ती परत देऊ शकत नाही. अशा वेळी नवी किल्ली, नवी विनंती आणि नवे प्रमाणपत्र हाच मार्ग उरतो. प्रमाणपत्र व विनंती एकमेकांची आहेत का, हे दोहोंमधील सार्वजनिक किल्ल्यांची तुलना करून कळते.

यावर उपाय म्हणून विनंती तयार होताच उपकरणाच्या मांडणीची कूटबद्ध प्रत राखून ठेवली जाते. त्या प्रतीत खासगी किल्ल्यांचा समावेश होतो की नाही, हे आधी पाहणे आवश्यक असते. एक बंद पडल्यास दुसऱ्याने काम सांभाळावे अशा जोडीत दोन फायरवॉल असतील, तर किल्ली व प्रमाणपत्र दोन्हींवर असणे गरजेचे असते. अन्यथा मुख्य उपकरण बंद पडताच प्रमाणपत्राअभावी व्हीपीएनही बंद पडते.

किल्लीची गुणवत्ता

किल्ली उपकरणातच तयार व्हावी हे तत्त्व उपकरणाला खरोखर यादृच्छिक संख्या निवडता येतात, या गृहीतकावर उभे आहे. २०१२ मध्ये नादिया हेनिंजर, झाकिर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि जे. ॲलेक्स हाल्डरमन यांनी आंतरजालावरील सार्वजनिक किल्ल्या गोळा करून तपासल्या. त्यांना टीएलएस वापरणाऱ्या ०.५० टक्के यंत्रणांच्या खासगी आरएसए किल्ल्या शोधून काढता आल्या. अशा यंत्रणांत राउटर, फायरवॉल यांसारख्या पडदा व कळफलक नसलेल्या उपकरणांचा भरणा होता.

यामागील गणित शालेय आहे. आरएसएची सार्वजनिक किल्ली दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते आणि तो गुणाकार फोडणे अतिशय कठीण असते. परंतु दोन उपकरणांनी योगायोगाने एक मूळ संख्या सारखीच निवडली, तर दोन्ही गुणाकारांचा मसावि काढून ती लगेच सापडते. उदाहरणार्थ, १४३ आणि १८७ या संख्यांचा मसावि ११ आहे; त्यावरून पहिलीचे अवयव ११ व १३ आणि दुसरीचे ११ व १७ असल्याचे कळते. शेकडो अंकांच्या संख्यांचा मसाविही संगणक क्षणार्धात काढतो. नवे उपकरण पहिल्यांदा सुरू होताना त्याच्याजवळ यादृच्छिकतेचा स्रोत जवळजवळ रिकामा असतो. त्याच क्षणी किल्ली तयार केल्यास एकाच नमुन्याची अनेक उपकरणे सारख्याच संख्या निवडू शकतात.

डेबियन या लिनक्स प्रणालीतील ओपनएसएसएलमध्ये २००६ मध्ये झालेला एक बदलही असाच महागात पडला. मे २००८ मध्ये तो उघड झाला, तेव्हा दिलेल्या प्रकाराच्या व लांबीच्या किल्लीसाठी सुमारे ३२ हजारच पर्याय संभवत असल्याचे आढळले. कारखान्यातून आलेली किंवा पहिल्या आरंभावेळी आपोआप बनलेली किल्ली न वापरता, प्रणाली अद्ययावत करून आणि उपकरण काही काळ चालू ठेवून नवी किल्ली तयार करण्याची शिफारस या अनुभवांतून पुढे आली. काही उपकरणांत किल्ली तयार करून जपण्यासाठी स्वतंत्र सुरक्षा चिप असते.

मुदत आणि नूतनीकरण

सार्वजनिक टीएलएस प्रमाणपत्रांची कमाल मुदत सातत्याने कमी होत आली आहे. ती १ मार्च २०१८ पासून ८२५ दिवस आणि १ सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस झाली. सीए/ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ठरावानुसार १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी मर्यादा ठरवण्यात आली.

मुदत संपलेले प्रमाणपत्र फायरवॉलवर राहिल्यास काय होऊ शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे इक्विफॅक्स या अमेरिकन पतमाहिती कंपनीतील २०१७ ची माहितीचोरी. तीत सुमारे १४.८ कोटी व्यक्तींची माहिती बाहेर गेली. कंपनीकडे कूटबद्ध संदेशवहन तपासणारे उपकरण होते, परंतु त्यावरील प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीच संपली होती. उपकरण बंद पडले नाही. ते संदेश न तपासता पुढे जाऊ देत राहिले. २९ जुलै २०१७ रोजी प्रमाणपत्र बदलताच संशयास्पद हालचाल दिसू लागली. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीच्या डिसेंबर २०१८ मधील अहवालानुसार, कंपनीच्या ३००हून अधिक प्रमाणपत्रांची मुदत संपलेली होती आणि त्यांपैकी ७९ प्रमाणपत्रे व्यवसायाच्या दृष्टीने महत्त्वाच्या डोमेनवरील देखरेखीसाठी होती.

नूतनीकरणाच्या वेळी नवी किल्ली तयार करून नवी विनंती करणे अधिक सुरक्षित मानले जाते. नवे प्रमाणपत्र बसेपर्यंत जुने चालू ठेवले जाते. कोणते प्रमाणपत्र कोणत्या उपकरणावर, कोणत्या सेवेसाठी आहे आणि ते केव्हा संपणार, याची नोंदवही ठेवणे हा व्यवस्थापनाचा आवश्यक भाग समजला जातो.

चुकीने दिलेली प्रमाणपत्रे

विनंती योग्य असूनही परत आलेले प्रमाणपत्र चुकीचे असू शकते. तुर्कस्तानातील टर्कट्रस्ट या प्राधिकरणाने ऑगस्ट २०११ मध्ये दोन संस्थांना सामान्य प्रमाणपत्रांऐवजी चुकून उपप्राधिकरणाची प्रमाणपत्रे दिली. टर्कट्रस्टने दिलेल्या माहितीनुसार, त्यांपैकी एक प्रमाणपत्र डिसेंबर २०१२ मध्ये संदेशवहन तपासणाऱ्या फायरवॉलवर बसवण्यात आले. त्यामुळे ती फायरवॉल जगातील कोणत्याही संकेतस्थळाच्या नावाने ब्राउझरना मान्य होणारी प्रमाणपत्रे तयार करू लागली. गूगलच्या नावाचे असे एक प्रमाणपत्र २४ डिसेंबर २०१२ रोजी क्रोमला आढळले आणि हा प्रकार उघड झाला. आलेले प्रमाणपत्र उपकरणावर चढवण्यापूर्वी त्यातील नाव, मुदत, किल्लीचा उपयोग आणि प्रमाणपत्र देण्याचा अधिकार या बाबी तपासल्या, तर अशी चूक वेळीच लक्षात येते.

स्वयंचलन

मुदत कमी होत गेल्याने हाताने विनंती करणे कष्टाचे झाले आहे. सिस्कोच्या उपकरणांसाठी व्हेरिसाइनने विकसित केलेली एससीईपी ही पद्धत दीर्घकाळ वापरात होती. तिचे विवरण २०२० मध्ये आरएफसी ८८९४ द्वारे प्रसिद्ध झाले. ईएसटी ही पद्धत २०१३ मध्ये आरएफसी ७०३० द्वारे आली. लेट्स एन्क्रिप्ट या विनामूल्य प्राधिकरणासोबत पुढे आलेली एसीएमई पद्धत मार्च २०१९ मध्ये आरएफसी ८५५५ म्हणून मानक झाली. या सर्व पद्धतींतही उपकरण पीकेसीएस क्रमांक १० ची विनंती तयार करतेच. ती पाठवण्याचे आणि प्रमाणपत्र बसवण्याचे काम माणसाऐवजी यंत्रणा करते.

भारतातील चौकट

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्यानुसार नेमलेला प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक परवाने देतो आणि भारताच्या मूळ प्रमाणन प्राधिकरणाचे काम पाहतो. परवानाधारकांत पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेचा समावेश होतो. कायद्याच्या कलम ४२ नुसार, आपली खासगी किल्ली ताब्यात राहील याची वाजवी काळजी घेणे आणि ती उघड झाल्यास प्राधिकरणाला विनाविलंब कळवणे हे प्रमाणपत्रधारकाचे कर्तव्य आहे. महाराष्ट्र शासनाच्या ई-निविदांसाठी वापरल्या जाणाऱ्या व्यक्तिगत डिजिटल स्वाक्षरीतही हेच तत्त्व पाळले जाते. तेथे खासगी किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते.

जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगल आणि याहूच्या डोमेनसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे आढळले. नियंत्रकांनी केंद्राची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली आणि केंद्राची प्रमाणपत्र देण्याची प्रक्रिया भेदली गेल्याचे कळवले. भारताचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या विश्वसनीय यादीत असल्याने विंडोजवरील अनेक प्रोग्राम ही प्रमाणपत्रे ग्राह्य धरत होते. स्वतःची स्वतंत्र यादी वापरणाऱ्या फायरफॉक्सवर मात्र त्यांचा परिणाम झाला नाही.

हेही पहा

• सार्वजनिक किल्ली कूटशास्त्र
• डिजिटल स्वाक्षरी
• फायरवॉल
• आभासी खासगी जाल
• माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००